आधीच्या मुलांनी लिहिलेला कागद

लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरचा उपचार आधीच लिहून ठेवलेला असतो. कुठल्या दिवशी कुठलं इंजेक्शन, कुठल्या दिवशी पाठीत सुई, अंगाच्या मापाप्रमाणे किती मिलिग्रॅम, काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचा आकडा, पडला तर काय थांबवायचं आणि काय तरीही चालू ठेवायचं, सगळं रकान्यांत. वॉर्डात सगळे त्याला प्रोटोकॉल म्हणतात आणि चारपाच दिवसांत आईवडीलही तसंच बोलायला लागतात, "आज डे एट आहे ना, म्हणजे एलपी आहे." एलपी म्हणजे ती पाठीतली सुई. माझ्या ताईच्या मुलाला वयाच्या पाचव्या वर्षी एएलएल झाला, म्हणजे अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर, तेव्हा तो कागद ताईला वाचवेना. म्हणून मी वाचला.

मी डॉक्टर नाही, विज्ञान शिकलेलीही नाही. पण एकदा वाचायला घेतलं की मला थांबता येत नाही, आणि प्रत्येक ओळीपाशी मला एकच प्रश्न पडायचा, हे असंच का? हेच औषध का, इतकेच दिवस का, डोकं दुखत नसताना पाठीच्या कण्यात इंजेक्शन का? उत्तरं शोधत गेले आणि गेली कितीतरी वर्षं शोधतेच आहे. जे कळलं ते थोडक्यात सांगायचं तर असं की त्या कागदावरची एकेक ओळ कुठल्या ना कुठल्या मुलांमुळे आहे, आणि सुरुवातीच्या ओळी ज्यांच्यामुळे आहेत त्यातलं जवळजवळ कुणीच जगलं नाही.

सुरुवात १९४७-४८ ची, बॉस्टनमधली. सिडनी फार्बर हे तिथल्या मुलांच्या हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे मुलं गेल्यावर त्यांच्या शरीराची तपासणी करणारे डॉक्टर. तेव्हा ल्युकेमिया झालेलं मूल काही आठवड्यांत, फारतर काही महिन्यांत जायचं आणि कोणाकडेच काही नव्हतं. फॉलिक अॅसिड तेव्हा नुकतंच तयार करता यायला लागलं होतं. त्याचीही गंमत बघा, त्याचा माग लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाईंना लागला तो मुंबईत, १९२८ नंतरच्या वर्षांत, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या अॅनिमियाचा अभ्यास करताना, यीस्टच्या अर्कात असं काहीतरी आहे ज्याने रक्त भरून येतं हे त्यांनी दाखवलं आणि ते काहीतरी म्हणजे फोलेट निघालं. मग रक्त भरून आणणारं औषध ल्युकेमियाच्या मुलांना द्यावं हा विचार साहजिक होता. दिलं, आणि आजार उलट वेगाने वाढल्यासारखा दिसला.

इथे मी नेहमी थांबते. कारण हे कळायची किंमत मुलांनी दिली. पण फार्बरांनी त्यातून उलटा विचार केला, फॉलिक अॅसिडने या पेशी वाढतात तर त्याच्यासारखंच दिसणारं पण त्याचं काम अडवणारं काही मिळालं तर? ते मिळालं लेडर्ली या अमेरिकन औषध कंपनीच्या लॅबमधून, आणि तिथल्या संशोधनाची धुरा होती येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे, १८९५ साली आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले, पुढे अमेरिकेला गेलेले. त्यांच्या टीमने बनवलेलं अॅमिनोप्टेरिन १६ मुलांना दिलं गेलं आणि त्यातल्या १० जणांत स्पष्ट सुधारणा दिसली. प्लीहा ओसरली, काही मुलं उठून बसली, चालायला लागली. जून १९४८ मध्ये हे छापून आलं आणि त्याच ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. ती सुधारणा टिकली नाही. महिन्यांचाच प्रश्न होता. पण मुलांचा हा ल्युकेमिया औषधाने मागे सरकतो हे तोपर्यंत जगात कोणी पाहिलेलंच नव्हतं. आमच्या कागदावर आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या होत्या ना, ते त्याच घराण्यातलं औषध.

मग एकेक औषध येत गेलं. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांचं मर्कॅप्टोप्युरिन, ज्याला सगळे सिक्स एमपी म्हणतात, १९५३ पासून वापरात. स्टेरॉइड्स. सदाफुलीपासून काढलेलं व्हिन्क्रिस्टीन, १९६३. सदाफुलीवर काम सुरू झालं होतं ते डायबेटिससाठी, उंदरांची शुगर काही उतरली नाही पण पांढऱ्या पेशी मात्र धडाधड कमी झाल्या, आणि संशोधकांनी ते "बिघडलेला प्रयोग" म्हणून सोडून दिलं नाही याबद्दल मला त्यांचे पाय धरावेसे वाटतात. प्रत्येक औषधाने तेच व्हायचं. मूल बरं दिसायचं, घरी जायचं, आणि काही महिन्यांनी परत यायचं, आणि मग तेच औषध चालायचं नाही.

ही सगळी एकत्र द्यावीत का, हा प्रश्न आता आपल्याला साधा वाटतो. पण १९६० च्या सुमारास चार विषारी औषधं एकाच वेळी आजारी मुलाला द्यायची म्हणजे बऱ्याच डॉक्टरांना ते क्रौर्य वाटत होतं, आणि ते चुकीचे होते असंही मला म्हणवत नाही, कारण त्यांनी मुलांना तडफडताना पाहिलेलं होतं आणि शेवट तरी शांत व्हावा एवढंच त्यांना हवं होतं. एमिल फ्राय आणि एमिल फ्रायरिश यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत चार औषधं एकत्र दिली. त्याआधी फ्रायरिश यांनी अजून एक गोष्ट केली जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्या वॉर्डात मुलं रक्तस्रावाने जायची, नाकातून, हिरड्यांतून, पोटात, उशा भिजायच्या. प्लेटलेट कमी असतात म्हणून हे होतं आणि ताज्या प्लेटलेट दिल्या तर थांबतं हे त्यांनी दाखवून दिलं. आज प्लेटलेटची पिशवी लागली की नर्स येऊन अर्ध्या तासात लावून जाते. त्या पिवळसर पिशव्या नसत्या तर केमो सोसायला मूल शिल्लकच राहिलं नसतं. आणि प्लेटलेट साठवून ठेवता येत नाहीत, पाच-सात दिवसांत वापराव्या लागतात, म्हणजे आमच्या पोराच्या अंगात जी पिशवी गेली ती कोणीतरी त्याच आठवड्यात तास-दीड तास मशीनला हात लावून बसून दिलेली होती. ते कोण, आम्हाला कधीच कळणार नाही.

एकत्र औषधांमागचं गणित उंदरांवर काम करणाऱ्या हॉवर्ड स्किपर यांनी मांडलं होतं. ल्युकेमियाची एक जिवंत पेशी उंदराला मारायला पुरेशी होते, म्हणजे शेवटच्या पेशीपर्यंत जायला हवं. निदान होतं तेव्हा मुलाच्या अंगात साधारण एक लाख कोटी कॅन्सर पेशी असतात. औषधं देऊन मायक्रोस्कोपखाली बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा गर, स्वच्छ दिसायला लागतो तेव्हाही हजार कोटी उरलेल्या असू शकतात. हा आकडा वाचला आणि मला पहिल्यांदा समजलं की महिन्याभरात मूल ठणठणीत दिसायला लागलं तरी दोन-अडीच वर्षं औषध का. लोक विचारायचे, "आता रिपोर्ट नॉर्मल आलाय ना, मग अजून केमो कशाला? त्रास देताय पोराला." ताई गप्प बसायची. मी त्यांना हजार कोटी सांगायचे.

आणि पाठीतलं इंजेक्शन. चार औषधांनी मुलांचं रक्त साफ झालं, मुलं घरी गेली, सगळ्यांना वाटलं जमलं. मग त्यातलीच मुलं डोकेदुखी, उलट्या, दिसायला दोन-दोन अशा तक्रारी घेऊन परत आली. रक्त चांगलं, मॅरो चांगला आणि आजार मेंदूभोवतीच्या पाण्यात. शिरेतून दिलेली बरीच औषधं मेंदूपर्यंत पोचतच नाहीत, तिथे त्या पेशी सुरक्षित लपून राहिल्या होत्या. १९६२ साली मेम्फिसला सेंट ज्यूड हॉस्पिटल सुरू झालं, तिथले पहिले संचालक डोनाल्ड पिंकेल यांनी ठरवलं की आजार मेंदूत दिसायची वाट बघायचीच नाही, आधीच डोक्याला रेडिएशन आणि पाठीतून मेथोट्रेक्सेट. १९६७-६८ च्या सुमारास त्यांनी ज्या मुलांवर असे उपचार केले त्यातली निम्मी मुलं पुढे कायमची बरी झाली. निम्मी! वीस वर्षांपूर्वी शंभरातलं एकही जगत नव्हतं. म्हणजे आमचा भाचा कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचा आणि त्याच्या कण्यात सुई जायची, ती ओळ डोकेदुखी घेऊन परत आलेल्या त्या मुलांनी लिहिली आहे.

पण मग तीही गोष्ट तिथे संपली नाही, आणि मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आदर ज्याचा वाटतो तो भाग इथून सुरू होतो. बरी झालेली मुलं मोठी व्हायला लागली. डोक्याला रेडिएशन दिलेली काही मुलं शाळेत मागे पडायची, उंची खुंटायची, काहींना पुढे मेंदूतच दुसरा ट्यूमर झाला. ज्या उपचाराने जीव वाचला त्यानेच हे केलं होतं. जीव वाचलाय ना, मग बाकीचं चालवून घ्या, असं म्हणणं सोपं होतं. तसं न म्हणता ते रेडिएशन आधी कमी केलं, मग काही मुलांना दिलंच नाही, आणि २००९ साली छापलेल्या सेंट ज्यूडच्याच एका अभ्यासात प्रतिबंधासाठी म्हणून ते कोणालाच दिलं नव्हतं, पाठीतली इंजेक्शनं आणि बाकीची केमो नीट बेतली होती, आणि पाच वर्षांनी ९३ टक्क्यांहून जास्त मुलं जिवंत होती. औषध वाढवायला धाडस लागतं हे सगळ्यांना कळतं. जे चालतंय त्यातून काढून घ्यायला किती लागत असेल, कारण काढल्यावर एखाद्या मुलाचा आजार उलटला तर ते तुमच्या डोक्यावर.

हे काढून घेणं शक्य झालं ते एमआरडीमुळे. मायक्रोस्कोपला दिसत नाहीत अशा उरलेल्या पेशी मोजायची टेस्ट, दहा हजार पेशींत एक असली तरी पकडते. पहिल्या महिन्याच्या शेवटी ती करतात आणि त्या एका आकड्यावर पुढचं सगळं ठरतं. ब्रिटनमधल्या यूकेएएलएल २००३ या ट्रायलमध्ये ज्यांची एमआरडी पटकन खाली गेली होती अशा मुलांना जोरदार केमोचा एक टप्पा कमी दिला, निकालात फरक पडला नाही. तो एक टप्पा म्हणजे किती ताप, किती अॅडमिशन, किती रात्री असतात ते ज्यांनी काढलेत त्यांना विचारा.

ट्रायलचं नाव काढलंय तर सांगते, आम्हालाही विचारलं होतं. निदान होऊन जेमतेम काही दिवस झालेले, पोराला स्टेरॉइड चालू, तोंड सुजून गोल झालेलं, रात्री दोनला उठून खायला मागायचा आणि मिळालं नाही तर भिंतीवर लाथा मारायचा, जो मुलगा कधी मोठ्याने बोललेला नव्हता. अशात डॉक्टर समोर कागद ठेवून सांगतात की एक अभ्यास चालू आहे, दोन पद्धती आहेत, तुमच्या मुलाला कुठली मिळणार ते कंप्युटर ठरवेल. भावोजी चिडले. म्हणाले, "तुम्हाला माहीत नाही कुठली चांगली ते?" डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "खरंच माहीत नाही. माहीत असतं तर अभ्यास करायचा हक्कच नव्हता आम्हाला." भावोजींनी एक रात्र घेतली. सकाळी सही केली. मी त्यांना का ते विचारलं नाही, पण नंतर कधीतरी गाडी चालवताना ते आपणहून म्हणाले की मी रात्रभर एवढाच विचार केला, आत्ता जे औषध चालू आहे ते कोणाच्या तरी बापाने सही केली म्हणूनच ना.

अशा सह्या करणाऱ्यांत ज्यांचं मूल नंतर राहिलं नाही असेही आईबाप होते आणि असतात. त्यांच्या मुलाचा आकडा निकालात असतोच. तो काढून टाकत नाहीत. किंबहुना तोच आकडा पुढच्या प्रोटोकॉलमध्ये काहीतरी बदलतो.

ताईचा प्रश्न वेगळाच होता. तिला इतिहास नको होता. तिला हवं होतं, माझं काय चुकलं? गरोदरपणात काय खाल्लं, कुठला एक्सरे काढला, मोबाइल उशाशी ठेवायचे त्याने झालं का, त्याला सारखी सर्दी व्हायची तेव्हा दुर्लक्ष केलं का. आणि फोनवरची माणसं याच आगीत तेल ओततात, "तुमच्याकडे कोणाला होता का हो आधी?" मी तिला माहिती शोधून आणून द्यायचे पण ती ऐकायची नाही, शेवटी एक गोष्ट मात्र तिने ऐकली. मेल ग्रीव्ह्ज नावाच्या ब्रिटिश संशोधकाच्या टीमने ल्युकेमिया झालेल्या मुलांचे जन्माच्या वेळचे रक्ताचे थेंब शोधून काढले, टाचेतून घेऊन कागदावर वाळवून ठेवतात ते, आणि त्यातल्या बऱ्याच थेंबांत पुढे कॅन्सरच्या पेशीत सापडलेला तोच जनुकीय बदल आधीपासून होता. म्हणजे पहिलं पाऊल पोटात असतानाच पडलेलं असतं, पेशी विभागताना झालेली चूक. आणि या आजारात दिसणारा एक नेहमीचा बदल तर शंभरातल्या साधारण एका नवजात बाळात असतो, त्यातल्या फार फार थोड्यांना पुढे आजार होतो, कारण नंतर अजून बदल व्हावे लागतात. आई काय खाते, कशी झोपते याचा त्या पहिल्या चुकीशी संबंध दिसत नाही. ताईने दोनदा विचारलं, "म्हणजे शंभरात एक?" मग म्हणाली, "म्हणजे या बिल्डिंगमधल्या पण कोणात तरी असेल." त्यानंतर तिने तो प्रश्न मोठ्याने तरी विचारला नाही.

घरचा भाग फार लांब असतो. मेंटेनन्स म्हणतात त्याला. मूल शाळेत जायला लागतं, केस येतात, लोक विसरतात, आणि रोज संध्याकाळी सिक्स एमपीची गोळी. इथे कोणी हिरो नसतो, मशीन नसतात, आई आणि गोळी. आणि अभ्यासांनी दाखवलंय की ठरलेल्यापैकी ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेतल्या तर आजार उलटण्याची शक्यता अडीच पटींहून जास्त होते. ९५ टक्के म्हणजे महिन्यात दोन गोळ्या चुकल्या तरी खाली! हे वाचल्यावर मी घाबरून ताईला फोन केला तर ती म्हणाली माझी एकही चुकलेली नाही, वही बघ. तिने वही ठेवली होती, तारीख, वेळ, काउंट, ताप. ताप ३८ सेल्सियसच्या वर गेला की बॅग उचलून निघायचं, क्रोसिन देऊन वाट बघत बसायचं नाही कारण पांढऱ्या पेशी नसताना ताप हीच इमर्जन्सी, हे तिने इतक्या नव्या आयांना समजावून सांगितलंय की वॉर्डातल्या नर्सही नवीन पेशंट आला की तिच्याकडे बोट दाखवायच्या. सगळ्यांना एकच डोस सोसत नाही हेही आता कळतं. टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ नावाची जनुकं आहेत, त्यांत काही फरक असेल तर नेहमीच्या डोसने काउंट पार कोसळतात. दुसऱ्याचा फरक आशियाई लोकांत जास्त दिसतो. आधी टेस्ट करून डोस कमी सुरू केला की मूल उगाच आयसीयूत जात नाही.

त्याच मजल्यावर कॅन्सर नसलेली मुलंही असायची. थॅलेसेमियाची एक मुलगी दर तीन आठवड्यांनी रक्त घ्यायला यायची आणि तिची आई एकदा ताईला म्हणाली, "तुमचं संपेल तरी." त्यात हेवा नव्हता, नुसतं खरं होतं. थॅलेसेमिया मेजरमध्ये शरीराला पुरेसं हिमोग्लोबिन बनवता येत नाही म्हणून जन्मभर रक्त लागतं, आणि प्रत्येक पिशवीबरोबर लोह येतं जे शरीराला बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात आणि हृदयात साठतं. एके काळी ही मुलं रक्ताअभावी जात नव्हती, लोहाने हृदय बंद पडून जायची. मग ते लोह बाहेर काढणारं डेफेरॉक्झामिन आलं, पण ते पोटाच्या कातडीखाली सुई टोचून पंपावर रात्रभर, आठवड्यातले पाचसहा दिवस, तुम्ही सांगा कुठला चौदा वर्षांचा पोरगा हे वर्षानुवर्षं करेल. तोंडाने घ्यायची औषधं आली तेव्हा कुठे श्वास घेता आला. बोन मॅरो ट्रान्सप्लांटने थॅलेसेमिया कायमचा बरा होतो हे गुइडो लुकारेल्ली यांनी इटलीतल्या पेसारोला १९८० च्या दशकात दाखवून दिलं, पण त्याला जुळणारा दाता लागतो आणि सख्ख्या भावंडाशी जुळायची शक्यता चारात एक.

सिकल सेलची, म्हणजे जन्मजात बिघडलेल्या हिमोग्लोबिनमुळे लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आजाराची, कथा मला सगळ्यात जास्त धरून ठेवते. १९४८ साली, म्हणजे फार्बरांचा पेपर आला त्याच वर्षी, न्यूयॉर्कमधल्या जॅनेट वॉटसन या मुलांच्या डॉक्टरने लिहिलं की सिकल सेल असलेली बाळं पहिले काही महिने बरी असतात, कारण त्यांच्या रक्तात अजून पोटातलं, गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. एवढंच. एका डॉक्टरने बाळांकडे नीट बघितलं. मग पुढची कितीतरी दशकं लोक विचारत राहिले की मग ते हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद का होतं, कोण बंद करतं, आणि तो खटका परत चालू करता येईल का. बीसीएल११ए नावाचं जनुक सापडलं जे ते बंद करतं. आणि २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत कॅसगेव्ही या उपचाराला मंजुरी मिळाली, रुग्णाच्याच रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून क्रिस्परने, म्हणजे जनुकं कापायच्या तंत्राने, त्या जनुकाचा खटका तोडायचा आणि परत सोडायच्या. ७५ वर्षं. थॅलेसेमियालाही तोच उपचार चालतो. मात्र त्याआधी जुना मॅरो साफ करायला जोरदार केमो घ्यावीच लागते, त्याने पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, आणि खर्च तर बहुतेक जगाच्या आवाक्याबाहेर आहे, त्यामुळे सुटलं असं मी म्हणणार नाही.

उलट सगळ्यात जास्त जीव कशाने वाचले बघा. १९८६ ची अमेरिकेतली ट्रायल, सिकल सेलच्या तीन वर्षांखालच्या मुलांना दिवसातून दोनदा पेनिसिलिन. जीवघेणं इन्फेक्शन ८४ टक्क्यांनी कमी झालं, ट्रायल मुदतीआधी थांबवली कारण बाकीच्या मुलांना औषध न देणं अन्याय झाला असता. जन्मतःच तपासणी आणि पेनिसिलिन, बस. क्रिस्परच्या बातम्या सगळे शेअर करतात. पेनिसिलिन कोणी करत नाही.

नवीन औषधांबद्दल मला आनंद नाही असं अजिबात नाही. २०१२ साली एमिली व्हाइटहेड ही सहासात वर्षांची मुलगी, एएलएल दोनदा उलटलेला, फिलाडेल्फियाला कार-टी घेणारी पहिली लहान मुलगी ठरली. तिच्याच टी पेशी, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बाहेर काढून त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत दिल्या. त्या इतक्या जोरात लढल्या की ती मरायला टेकली. रक्तात आयएल-६ नावाचा पदार्थ भयंकर वाढलेला दिसला आणि कार्ल जून या संशोधकाला आठवलं की त्याला अडवणारं औषध सांधेदुखीसाठी आहे, कारण त्याच्या स्वतःच्या मुलीला लहानपणीचा संधिवात होता. ते दिलं. ती वाचली, आणि आज ती तरुण मुलगी आहे. २०१७ मध्ये त्या उपचाराला मंजुरी मिळाली. आणि डिसेंबर २०२४ मध्ये आलेला निकाल तर मी दोनदा वाचला, नेहमीच्या केमोला ब्लिनाटुमोमॅबची जोड दिलेल्या मुलांत तीन वर्षांनी आजार न उलटता जगणारी ९६ टक्के, नुसत्या केमोत ८७.९. हे औषध टी पेशीला कॅन्सरच्या पेशीशेजारी आणून बसवतं, पंप बॅगेत घालून २८ दिवस चालू ठेवायचं. केस न जाता! आमच्या पोराच्या वेळी हे नव्हतं. असतं तर, असा विचार मी फार करत नाही. त्याच्या वेळच्या मुलांचे आकडे होते म्हणून तर कळलं की कुठे अजून जागा आहे.

पण हे सगळं एएलएलचं. मेंदूच्या देठात होणारा डीआयपीजी नावाचा ट्यूमर अजूनही बहुतेक मुलांना वर्षभरही देत नाही. हाय रिस्क न्यूरोब्लास्टोमात, म्हणजे कोवळ्या मज्जापेशींच्या कॅन्सरात, जवळपास निम्मी मुलं हातातून जातात. आणि आजारापेक्षा भयंकर दरी वेगळीच आहे. जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरांना कॅन्सर होतो, श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, गरीब देशांत अनेक ठिकाणी ३० टक्क्यांहून कमी. औषधं तीच. १९५३ चं सिक्स एमपी, १९६३ चं व्हिन्क्रिस्टीन, पेटंट कधीच संपलेली. कुठे निदानच होत नाही, कुठे औषध सहा महिने मिळतं आणि सहा महिने नाही, कुठे प्रवासाचे पैसे संपले की आईबाप मधेच उपचार सोडतात. २०१९ मध्ये तर अमेरिकेतसुद्धा व्हिन्क्रिस्टीनचा तुटवडा झाला होता, कारण स्वस्त जुनं औषध बनवण्यात फायदा कमी, बनवणारे थोडे, त्यातला एक थांबला की संपलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरवलं की २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुलं वाचली पाहिजेत. ६० टक्के हे ध्येय ठेवावं लागतं याचा मला राग येतो. ज्यांनी जीव देऊन तो कागद लिहिला त्यांनी तो फक्त काही देशांतल्या मुलांसाठी लिहिला नव्हता.

भाचा आता अठरा वर्षांचा आहे. बरा आहे, उंच झालाय. वर्षातून एकदा फॉलोअप असतो आणि ठरावीक काळाने हृदयाचा इको, कारण त्याला जे लाल रंगाचं औषध दिलं होतं, डॉक्सोरुबिसिन, ते काही जणांच्या हृदयाच्या स्नायूला इजा करतं आणि ती इजा दहावीस वर्षांनीही वर येऊ शकते. हे आपल्याला माहीत आहे तेही बऱ्या झालेल्या हजारो मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहून अभ्यास केला म्हणून, अमेरिकेतला असा एक मोठा अभ्यास १९९४ पासून चालू आहे. या वेळी डॉक्टरांनी त्याच्यासमोर एक फॉर्म ठेवला. लहानपणी त्याचं रक्त आणि मॅरो संशोधनासाठी जपून ठेवायला भावोजींनी परवानगी दिली होती, आता तो सज्ञान झाला, म्हणून त्याची स्वतःची विचारायची होती. नको म्हणालास तर नमुने नष्ट करू, काही फरक पडणार नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

त्याने पूर्ण वाचला, मधे मला एक शब्द विचारला. मग डॉक्टरांना विचारलं, "याचं काय करणार तुम्ही?" त्या म्हणाल्या, "आत्ता एक काम चालू आहे, तेच औषध, तोच डोस, मग काहींच्याच हृदयाला त्रास का होतो, आधी ओळखता येईल का." "माझं उत्तर मला कळेल?" "बहुतेक नाही. नाव काढून टाकलेलं असतं." त्याने सही केली आणि खाली तारीख घालताना विचारलं की इकोच्या आधी काही खाल्लं तर चालतं का.